जर्नलात 980, दुकानात 978.6

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या या सदरात रस्त्यांचे खड्डे येतात, कापसाचा भाव येतो, रात्रीच्या लाईनची रड येते. माझी तक्रार त्या सगळ्यांहून बारीक आहे. 1.4 सेंटिमीटरची. कॉलेजच्या फिजिक्सच्या जर्नलात, म्हणजे प्रयोगवहीत, उत्तर मोजून नाही तर उतरवून लिहिलं जातं, त्याची. त्यासाठी पेपरातली जागा कशाला अडवतो, असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार गुंडाळतो. विहिरीवरची मोनोब्लॉक, बोअरची पाणबुडी, कधीमधी पिठाच्या गिरणीची. वय 41. बारावी सायन्स 2002 साली झालो आणि त्याच उन्हाळ्यात दुकानात बसलो. आता धाकटा भाऊ एकटा दुकान सांभाळू शकतो, म्हणून या वर्षी तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. 23 वर्षांचा गॅप. त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मधल्या काळात काय केलं, हे त्यात एका ओळीत लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘मोटारी भरल्या’. बाबूनं दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. दोन-तीन ठिकाणच्या पोरापोरींशी एसटीत बोललो, सगळीकडे कमीजास्त हेच चालतं.

पहिला प्रयोग स्क्रू गेजचा होता. तारेचा व्यास काढायचा. पोट्ट्यांना वाटलं काका गडबडतील, पण हे यंत्र माझ्या खिशात वीस वर्षं आहे. जळालेल्या मोटारीची तार काढायची, काडी लावून वरचं इनॅमल जाळायचं, पुसायचं आणि मापायचं. 22 नंबरची तार 0.711 मिलिमीटर, 23 नंबरची 0.610. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा; पण 22 च्या जागी 23 भरली तर मोटार ऐन हरभऱ्याच्या पाण्यात तापते, आणि शेतकरी ती डोक्यावर घेऊन माझ्या दारात परत येतो. माझं गेज पूर्ण मिटवलं तरी 0.02 दाखवतं. ते वजा करायची हाताला सवय आहे. त्याला ‘झिरो एरर’ म्हणतात आणि ती कुठल्या चिन्हानं धरायची याचा नियम आहे, हे मला या वर्षी कळलं. इतका आनंद झाला की घरी येऊन भावाला गेज दाखवत बसलो. तो म्हणाला, ‘‘मंग आपण इतके दिवस बरोबरच करत होतो ना?’’ होतो. पण का बरोबर होतं, ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठीच तर नाव घातलं.

नंतर आला साधा लंबक. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, म्हणजे बॉब, 20 झोके मोजायचे, वेळ घ्यायची, त्यावरून g काढायचा. g म्हणजे मोकळी सोडलेली वस्तू खाली पडताना दर सेकंदाला तिचा वेग कितीनं वाढतो तो आकडा. पुस्तकात 980 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग दिला आहे. आमच्या लॅबमध्ये स्टँड चार, चालू स्टॉपवॉच एक, बॅच वीस जणांची. डोक्यावर पंखा सुरू, त्यामुळे लंबक सरळ जायच्या ऐवजी पोहऱ्यासारखा गोल फिरतो. पंखा बंद केला तर वीस जण ओरडतात. स्टॉपवॉच काट्याचं आहे, सेकंदाच्या दहाव्या भागाखाली त्यात काही दिसत नाही.

मी तीनदा वेळ घेतली: 40.3, 40.1, 40.4 सेकंद. सरासरीवरून उत्तर आलं 974. सरांनी पाहिलं, ‘‘980 यायला पाहिजे, रीडिंग पुन्हा बघा.’’ पुन्हा घेतलं, 976 आलं. तोवर माझ्या शेजारच्या पोरानं लंबकाला हात न लावता पान भरून सही घेतली होती. त्याचं उत्तर 980. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ‘फिजिक्स, पहिलं सेम’ एवढं म्हटलं की मागच्या कुणाचं तरी जर्नल अख्खं निघून येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि ज्याला झेरॉक्सचे पैसे द्यायचे नाहीत तो उत्तरावरून उलटा येतो: g ला 980 धरा, लांबी 100 धरा, 20 झोक्यांना 40.14 सेकंद निघतात, ते लिहा. शेजारच्यानं तेच केलं होतं. मी विचारलं, ‘‘का रे, ज्या घड्याळात दहाव्या भागाखाली काही दिसत नाही, त्यात तुला शंभरावा भाग कसा दिसला?’’ तो म्हणाला, ‘‘काका, सरांनी सही केली ना?’’ केली होती. बॅचमधल्या अकरा जणांचं 40.14 होतं. वीस माणसांनी एकाच घड्याळावर वेळ घेतली आणि अकरांची शंभराव्या भागापर्यंत जुळली, असं कधी होत नाही. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकांची हुबेहूब बिलं आली तर मी भावाला विचारतो, मोटार उघडली होती की नाही?

एका पोरीचं मात्र सांगायलाच हवं. तिचं गाव वणा नदीच्या काठचं, रोज दोन बस बदलून येते, आणि रीडिंग स्वतः घेणाऱ्या मोजक्या मुलांत ती आहे. तिचं उत्तर आलं 1082. सगळे हसले. सर म्हणाले, ‘‘हे काय लिहिलं? खोडा.’’ तिनं खोडलं आणि मैत्रिणीचं 980 उतरवून घेतलं. परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, वेळ किती आली होती? तिला पाठ होतं: 38.2 सेकंद. माझ्यापेक्षा दोन सेकंद कमी, आणि एका झोक्याला साधारण दोनच सेकंद लागतात. मी म्हटलं, ‘‘बॉब सोडून घड्याळ दाबलं तेव्हा तोंडानं काय म्हणालीस?’’ ती म्हणाली, ‘‘एक, जी.’’ झालं. पहिल्या क्षणाला ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. तिथं ‘शून्य’ म्हणायचं असतं. 38.2 ला वीसऐवजी एकोणीसनं भागलं आणि उत्तर 977 च्या जवळ आलं. तिकिटाच्या मागच्या बाजूवर हिशोब केला. ती इतकी खूष झाली की पुढच्या स्टॉपला उतरायचं विसरली.

पण तिच्या जर्नलात यातलं काही नाही, 980 आहे आणि सही आहे. जे रीडिंग त्या महिन्यात लॅबमधलं सगळ्यात शिकवणारं होतं, ते खोडरबरानं गेलं. आमचे लॅबचे परिचर काका, जे कित्येक वर्षं हे स्टँड मांडतात, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अरे भाऊ, दरसाली दोन-तीन जणांचं तसंच येते. हजाराच्या वर गेलं की समजाचं, यानं एकपासून मोजलं.’’ म्हणजे ज्यांच्याकडे वर्गाची किल्ली आहे त्यांना रोगही माहीत आहे आणि औषधही. त्यांना कुणी विचारत नाही.

मी हट्टी आहे, माझं 974 मला झोपू देईना. चुकलं असेल तर कुठे चुकलं, हे कळायला हवं. दुकानात मोटार उचलायला छताच्या लोखंडी आडव्याला एक हुक आहे. गवंड्याकडून ओळंबा उसना आणला, वजन 300 ग्रॅम. सुताचा दोरा ताणला की लांबतो, म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक बारीक तार सोडवून घेतली. ओळंबा सुरीच्या धारेवर तोलून त्याचा मध्य काढला आणि तिथे पेन्सिलनं खूण केली. टांगल्यावरच, भार पडल्यावर, हुकापासून त्या खुणेपर्यंत लांबी मापली: 142.6 सेंटिमीटर. झोका फार मोठा द्यायचा नाही, नाहीतर सूत्र हलतं. मी चार बोटं बाजूला नेऊन सोडला. आणि 20 ऐवजी 200 झोके मोजले. माझं बोट घड्याळावर जेवढं चुकतं तेवढंच चुकणार, वीस झोके असोत की दोनशे. पण दोनशेत ती चूक दहापट पातळ होते. हे पुस्तकात आहे, पण माझ्या डोक्यात ते त्या रात्रीच शिरलं. वेळ फोनवर घेतली. फोन शंभरावा भाग दाखवतो, बोटाला तो कळत नाही, म्हणून दहाव्या भागाला थांबलो.

यात भारनियमनाचे आभार मानायला हवेत. लाईन गेली की पंखा बंद, रस्त्यावरची गिरणी बंद, हवा ठप्प, आणि लंबक एका रेषेत जातो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच लाईन गेल्यावर मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. बॅटरीच्या उजेडात मी मोजत होतो आणि भाऊ पाटीवर दर दहाला रेघ मारत होता. पाच वेळा केलं: 479.8, 479.6, 479.9, 479.5, 479.7. सरासरी 479.7. उत्तर 978.6.

980 नाही आलं. आधी वाटलं, पुन्हा चुकलो. मग वर्गात झालेलं आठवलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्ताशी फुगलेली आहे. तिथे केंद्रापासूनचं अंतर ध्रुवापेक्षा सुमारे 21 किलोमीटर जास्त आहे. म्हणून g सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर साधारण 978.0, ध्रुवावर 983.2. प्रमाण म्हणून जो 980.665 आकडा सगळे लावतात तो 1901 साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून घेतलेला आहे आणि 45 अंश अक्षांशाच्या आसपासचा आहे. आपला भारत सगळा त्याच्या खाली संपतो. हिंगणघाट 20.5 अंशावर. अक्षांशावरून g काढायच्या सूत्रात टाकलं, समुद्रसपाटीपासूनची उंची धरली, तर आमच्याकडचा g येतो 978.6.

म्हणजे आमच्या तालुक्यातल्या पोरांचं उत्तर नीट मोजलं तर 980 च्या खालीच यायला हवं, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं ओढून 980 ला नेऊन बांधतो. माझं 974 सुद्धा चूक नव्हतं. 20 झोक्यांत सेकंदाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला की उत्तर पाचनं हलतं. ‘974, मागेपुढे 7’ असं लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. जर्नलात मात्र ‘मागेपुढे’साठी रकानाच नाही. ‘प्रमाण उत्तर’ आणि ‘टक्के चूक’ असे दोन रकाने आहेत.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर तुमचे जाणकार वाचक मला सोडणार नाहीत. माझी लांबी दोन मिलिमीटरनं जास्त भरली असती, 142.8, तर उत्तर बरोबर 980 आलं असतं. मी टेप तीनदा लावला. गवंड्याचा टेप आहे, प्रयोगशाळेचा नाही. म्हणून मी 978.6 ला ‘मागेपुढे एक’ म्हणतो आणि त्याच्यावर कोर्टात जाणार नाही.

हा फरक अमुक एका गावच्या पोरानं काढला म्हणून विशेष नाही, साडेतीनशे वर्षं जुना आहे. 1672 साली जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. वेळ जुळवायला त्याला लंबक पावणेतीन-एक मिलिमीटर आखूड करावा लागला. त्यानं तो केला आणि तसं लिहूनही ठेवलं. तेच पुढे न्यूटनच्या कामी आलं, पृथ्वी फुगलेली आहे हे सांगायला. रिशेचं जर्नल आमच्याकडे तपासायला आलं असतं तर घड्याळ खराब आहे असा शेरा पडला असता.

आणि फ्रान्सपर्यंत तरी कशाला जायचं? पृथ्वीचा आकार मोजत फिरणारा एक माणूस आमच्या हिंगणघाटच्या मातीत आहे. विल्यम लॅम्बटननं 1802 साली मद्रासपासून भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्याचं कोन मापायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं आणि त्याची तबकडी वाकली. दुसरा कुणी असता तर नवीन मागवून बसला असता. हा माणूस तंबूत कोंडून घेऊन सहा आठवडे ती तबकडी परत सरळ करत बसला. मला हा भाग फार आवडतो. माझाही जन्म वाकलेली शाफ्ट सरळ करण्यात गेला आहे. नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 ला तो हिंगणघाटात वारला; कबर इथेच आहे. फिजिक्सची सहल नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात जाते, चांगलं आहे, जावी. पण या कबरीपर्यंत मी तरी कुठली बॅच गेलेली ऐकली नाही. (संपादक महोदय, जागा कमी पडली तर लॅम्बटनचा परिच्छेद कापा. पोरीचा 1082 कापू नका.)

माझं मागणं काही खर्चाचं नाही. नवीन लॅब बांधा, असं मी म्हणत नाही, जरी एका स्टॉपवॉचवर वीस जण ही गोष्ट लाज वाटण्यासारखी आहे आणि आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. कागदावर दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सत्राला 60 तास. ते तास कुठे जातात हे सरांनाही माहीत आहे: सर तासिका तत्त्वावर आहेत, दुपारनंतर दुसऱ्या कॉलेजात पळतात, आणि प्रयोगांची ठरलेली संख्या सहीनिशी पूर्ण दाखवायची असते. एका लंबकावर तीन तास बसू दिलं तर फ्लायव्हील आणि यंगचा गुणांक हे पुढचे प्रयोग राहून जातात. मी म्हणतो, राहू दे. दहा उतरवण्यापेक्षा चार केलेले बरे. रीडिंग पेनानं लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला कारण लिहायचं, आणि गुण त्या कारणाला द्यायचे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी जर्नलातलं कुठलंही एक रीडिंग समोर पुन्हा घ्यायला लावावं. आणि लॅबच्या भिंतीवर, जिथे आता 980 रंगवलं आहे, तिथे त्या त्या गावचा आकडा लिहावा. रंगाचा डबा मी देतो.

पोरांचंही चुकतं, ते मी लपवणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी बॅचला दुकानात बोलावलं होतं, 200 झोके मोजायला. आले पाच. त्यातले दोघं अर्ध्यात फोन पाहायला लागले आणि मोजणी 120 च्या आसपास कुठेतरी हरवली. ती वणाकाठची पोरगी मात्र शेवटपर्यंत बसली, ‘शून्य’ जोरात म्हणाली, आणि तिचे 479.6 आले.

हे पत्र टाकण्याआधी सरांना वाचायला दिलं. त्यांच्या पाठीमागे पेपरात लिहायला मला बरं वाटेना. त्यांनी सगळं वाचलं, 40.14 वर थोडे थांबले, काही बोलले नाहीत. मग ओळंब्याचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि विचारलं, ‘‘तारेचं वजन धरलं का?’’

धरलं नव्हतं. काल ती तार सोनाराच्या काट्यावर टाकून आणली, 0.8 ग्रॅम भरली. 300 ग्रॅमच्या ओळंब्यापुढे तिचा हिशोब सरांनी फळ्यावर करून दाखवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आमच्याबरोबर बसून काही मोजलं. उत्तर 0.4 नं खाली येतं, 978.2. वरचा 978.6 मी खोडलेला नाही.

आपला,
बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी (वय 41)
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

(नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये ही विनंती.)